मन खाते तेव्हा : शोकनायक, अपराध आणि आपले नाटक

प्रस्तावना

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त दुर्मुख नावाचा हेर रामाच्या कानावर लोकापवाद घालतो, तेव्हा गरोदर सीता रामाच्याच हातावर डोके टेकून झोपलेली असते. सीतेला वनात धाडण्याचा निर्णय घ्यायला रामाला फार वेळ लागत नाही. तिच्या मानेखालचा हात काढून घेताना मात्र तो कोसळतो. झोपलेल्या बायकोच्या पायांवर डोके ठेवतो, स्वतःला पातकी म्हणवून घेतो, आणि तरीही जे करायचे ते करतोच. अपराध घडायच्या आधीच अपराध्याला त्याची पूर्ण जाणीव आहे. नाटकाचे उरलेले सहा अंक या जाणिवेचे काय होते, एवढ्याच प्रश्नावर चालतात. हा संग्रहही त्याच प्रश्नावर उभा आहे. हातून घडलेली चूक माणसाला पाडते, की त्या चुकीनंतर त्याचे जे मन खात राहते ते त्याला पाडते?

भंडाऱ्यातून निघणाऱ्या पुस्तकाची सुरुवात भवभूतीपासून व्हावी याला कारण आहे. या कवीने आपले मूळ गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगितले आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे मत मांडले. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यातच होते. पद्मपूर दुसरीकडे दाखवणारे अभ्यासकही आहेत आणि हा वाद इथे मिटवण्याचा आमचा हेतू नाही. पण आठव्या शतकातल्या ज्या नाटककाराने अपराधी नायकाला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले, त्याचे नाव आपल्या तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखाशी जोडले जाते, ही गोष्ट इथल्या नाट्यरसिकाला अजून पुरेशी ठाऊक नाही. भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असे त्यांच्या प्रस्तावनांत म्हटले आहे. देवाची यात्रा भरते, दूरदूरची माणसे जमतात आणि त्यांच्यापुढे नाटक उभे राहते. दिवाळीनंतर ज्याने आपल्या गावची मंडईची जत्रा पाहिली आहे, त्याला यातले काही परके वाटणार नाही.

विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी मशागत करायला हवी. शोकात्म नाटकाची चर्चा ग्रीसपासून सुरू होते, कारण ॲरिस्टॉटलने तिला पहिली शिस्त लावली. त्याच्या मते शोकनायक फार सज्जन नसतो आणि दुर्जनही नसतो. त्याच्या हातून एक मोठी चूक होते आणि तो वैभवातून आपत्तीत पडतो. ही चूक म्हणजे पाप नव्हे, हे तिथे नीट लक्षात ठेवावे लागते. सॉफोक्लीसचा इडिपस बापाला मारतो आणि आईशी लग्न करतो, पण आपण काय करतो आहोत हे त्याला माहीत नसते. तरीही थीब्ज नगरीवर साथ येते, आणि सत्य कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. हेतू नसला तरी कृत्याचा विटाळ लागतोच, असा त्या समाजाचा विश्वास होता. ते नाटक मराठीत पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले. एस्किलसने इ.स.पू. 458 मध्ये ‘ओरेस्तेया’ या नाट्यत्रयीत या प्रश्नाला वेगळे वळण दिले. आईचा वध केलेल्या ओरेस्टिसचा पाठलाग सूडदेवता करतात आणि शेवटी अथेन्समध्ये न्यायसभा भरवून निकाल लावावा लागतो. टोचणीला ऐकून घेणारे कोणी तरी मिळाले की नायक वाचू शकतो, ही गोष्ट त्यात मला फार मोलाची वाटते. पुढे तिच्याकडे पुन्हा येऊच.

ख्रिस्ती युरोपात विटाळाची जागा पापाने घेतली आणि पापाचे ठाणे मनात गेले. मार्लोचा फाउस्टस अखेरपर्यंत वाचू शकला असता. आपल्याला क्षमा मिळेल यावर त्याचा विश्वासच बसत नाही, म्हणून तो जातो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो खरा, पण भावाच्या खुनातून मिळालेले राज्य आणि राणी सोडायची त्याची तयारी नसल्यामुळे त्याची प्रार्थना वर जात नाही. मॅकबेथ आणि त्याची बायको मिळून खून करतात. पुढे तो एकामागून एक खून करत निबर होत जातो आणि ती झोपेत चालत हात धूत राहते. एकाच अपराधाची ही दोन रूपे इतक्या जवळजवळ ठेवणारे दुसरे नाटक मला माहीत नाही. ब्रॅडलीने 1904 साली शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवर व्याख्याने प्रसिद्ध केली, तेव्हापासून नायकाचे पतन त्याच्या स्वभावातून कसे उगवते यावर समीक्षेचा भर राहिला. त्याआधी हेगेलचे म्हणणे वेगळे होते. शोकात्मिकेत दोन्ही बाजूंना काही न्याय असतो, आणि आपल्या कृत्याचा दोष स्वतःच्या शिरावर घेण्यातच थोर नायकाचा मान असतो, असे तो मानत असे. इब्सेनच्या ‘रोस्मर्सहोल्म’मध्ये (1886) मेलेल्या बायकोची आठवण दोन जिवंत माणसांना गिरणीच्या पाण्याकडे ओढत नेते. आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’मध्ये (1947) सदोष यंत्रभाग विमानांसाठी पाठवणारा कारखानदार शेवटी स्वतःला गोळी घालतो. याच्या अगदी उलट सार्त्र. ‘द फ्लाइज’मध्ये (1943) त्याने सक्तीच्या पश्चात्तापात बुडालेले एक सबंध गाव उभे केले आणि ओरेस्टिसला पश्चात्ताप नाकारायला लावला. नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये हे नाटक झाले. लोकांना सतत अपराधी वाटत राहावे यात सत्तेचाच फायदा असतो, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नसेल.

आपल्याकडची वाट निराळी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत पश्चात्तापाला स्वतंत्र जागा नाही. व्रीडा म्हणजे लाज हा भाव कशाने उत्पन्न होतो ते सांगताना पश्चात्ताप कारण म्हणून येतो. संस्कृत नाटकाने शेवट गोड करण्याचा संकेत पाळला, त्यामुळे अपराधाला पतनापर्यंत जाऊ देणे त्याला जमण्यासारखे नव्हते. धर्मशास्त्राने मात्र ही गोष्ट बारकाईने हाताळली आहे. आपले पाप उघड बोलून दाखवणे आणि त्याचा ताप होणे, या दोन्ही गोष्टी पापातून सोडवणाऱ्या आहेत असे मनुस्मृतीतही म्हटले आहे. कालिदासाने दुष्यंताला पश्चात्ताप करायला लावले, शकुंतलेचे चित्र काढत त्याला रडवले, पण दुर्वासाच्या शापाने त्याचा दोष आधीच उतरवून ठेवला. राजा विसरला, त्याला बिचारा तरी काय करणार! भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांडी फुटलेला दुर्योधन वैर टाकून मरतो. तिथे पहिल्यांदा अपराध आणि मृत्यू एकाच रंगमंचावर भेटतात, आणि म्हणूनच संस्कृतातली शोकात्मिका कोणती असे विचारले की या एकांकिकेचे नाव पुढे येते.

भवभूतीने रामाला कोणत्याही शापाचा आडोसा दिला नाही, आणि मला त्याचे मोठेपण इथे दिसते. राम विसरलेला नाही, त्याला कोणी भुलवलेलेही नाही. त्याने जे केले ते जाणूनबुजून केले. बारा वर्षांनी तो पंचवटीत येतो. तिसऱ्या अंकात सीता त्याच्याजवळ उभी आहे, पण ती त्याला दिसत नाही. वनदेवता वासंती ही सीतेची सखी. ती रामाला विचारते की त्या वनात तिचे काय झाले असेल असे तुला वाटते. बायकोपेक्षा तुला कीर्ती प्यारी होती, असे राजाच्या तोंडावर सांगते. राम बचाव करत नाही. भवभूतीने त्याच्या दुःखाची तुलना बंद मडक्यात, आतल्या आत शिजत राहणाऱ्या औषधाशी केली आहे. वासंतीचे बोल त्या मडक्याचे तोंड फोडतात. राम मूर्च्छित पडतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. या अंकात तीन गोष्टी घडतात : अपराध्याला कोणी तरी खडे बोल सुनावते, तो ते ऐकून घेतो, आणि जिच्यावर अन्याय झाला तिला त्याचे दुःख कानांनी ऐकायला मिळते. सीतेचा रुसवा हळूहळू विरतो, पण तो वासंतीच्या बोलण्यानंतर विरतो, आधी नाही. शेवटच्या अंकातले पुनर्मिलन कवीने ओढून आणलेले आहे असे अनेकांना वाटते. मला ते तिसऱ्या अंकातच कमावलेले दिसते. अपराधी राम पडत नाही, कारण त्याच्या अपराधाला ऐकून घेणारे आणि सुनावणारे असे दोघेही मिळाले.

या मोजपट्टीने मराठी नाटकाकडे पाहिले की पुष्कळ काही उलगडते. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (1861) हे मराठीतले पहिले शोकान्त नाटक, पण त्याचा शोक आजाराचा आणि वियोगाचा आहे. शेक्सपिअर रूपांतरांच्या वाटेने आला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (1883) केले, शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मॅकबेथ’चे ‘मानाजीराव’, आणि पुढे शिरवाडकरांनी त्याच नाटकावरून ‘राजमुकुट’ (1954) लिहिले. पण खुनाची टोचणी आपल्याच मातीत रुजवण्याचे काम कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ (1909) मध्ये केले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो या नाटकाचा विषय. त्या खुनात हात असलेल्या राघोबादादांचे मन खचत राहते, पत्नी आनंदीबाई त्याला टेकू देत राहते आणि रामशास्त्री समोर उभे राहून देहान्त प्रायश्चित्त सांगतात. सुनावणारा इथे आहे, तोही साक्षात न्यायाधीश. ऐकून घेण्याची तयारी मात्र राघोबांकडे नाही. रामशास्त्र्यांचा तो प्रसंग शाळेच्या पुस्तकांत निःस्पृहतेचा धडा म्हणून राहिला. राघोबांच्या मनाची जी फरफट खाडिलकरांनी दाखवली ती आपण विसरलो.

मग ‘एकच प्याला’. राम गणेश गडकऱ्यांचे 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला, म्हणजे आमच्यापासून फार लांब नसलेल्या गावी निधन झाले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. दारूबंदीचे नाटक म्हणून ते शंभर वर्षे गाजले आहे. आमचा शेजारी गडचिरोली जिल्हा 1993 पासून दारूबंदीचा जिल्हा आहे, त्यामुळे या मुलखात त्या नाटकाकडे प्रचाराच्या नजरेने पाहणे साहजिकही आहे. पण त्याचा नायक सुधाकर दारूने जितका पडतो तितकाच लाजेने पडतो. वकिलीची सनद गेल्याचा अपमान बुडवायला तो पहिला प्याला घेतो. पुढे एकदा तो शपथपूर्वक दारू सोडतो, काम मागायला चार दरवाजे हिंडतो, तिथे पुन्हा अपमान पदरात पडतो आणि पुन्हा प्याला हातात येतो. प्रत्येक प्याला आधीच्या प्याल्याची लाज बुडवण्यासाठी घेतलेला आहे. शुद्ध हरपलेल्या सुधाकरच्या हातून स्वतःचे मूल जाते, सिंधू घायाळ होते. फौजदारापुढे ती सांगते की आपण पडलो. नवऱ्याच्या अपराधावर ती मरतामरताही पांघरूण घालते.

सिंधूच्या त्या एका खोट्या वाक्यावर प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या रडले. ते रडणे खोटे होते असे म्हणायचे धाडस मला होणार नाही. तरी मला वाटते की सुधाकरला तिथेच शेवटचा धक्का बसला. त्याला कोणी विचारलेच नाही. ज्या घरात एकही वासंती नाही, तिथे क्षमा आधीच येऊन बसते आणि अपराध्याला काही फेडायला जागाच उरत नाही. शेवटी तो दारूतून विष घेतो. याच नाटकातला रामलाल पाहा. मुलीसारख्या मानलेल्या शरदविषयी त्याच्या मनात वासना उठते, तो ती ओळखतो, तिची लाज बाळगतो, आणि सावरतो. गडकऱ्यांनी अपराधाच्या दोन वाटा शेजारीशेजारी आखून ठेवल्या आहेत. आपण मात्र सुधाकर-सिंधूच्याच वाटेने अश्रू ढाळत गेलो. या संग्रहातल्या ‘एकच प्याला’वरच्या लेखात रामलालला इतकी जागा का मिळाली, असे वाचकाला वाटले तर त्याचे उत्तर हे आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या नाटकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. तेंडुलकरांनी अपराधाची दिशाच बदलली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये ज्यांनी मान खाली घालायला हवी ते न्यायासनावर बसतात आणि बेणारेबाईला पिंजऱ्यात उभे करतात. ‘घाशीराम कोतवाल’ (1972) च्या शेवटी जमाव घाशीरामाला मारायला धावतो, तेव्हा पोटच्या पोरीचा सौदा केल्याचे पाप तो स्वतः कबूल करतो आणि मरण जणू बोलावून घेतो. तो सौदा ज्याच्याशी झाला तो नाना फडणवीस मात्र पुढच्या उत्सवाला मोकळा. ज्याला टोचणी आहे तो पडतो, ज्याला नाही तो टिकतो. मराठी नाटकात सत्तेबद्दल इतके कठोर विधान क्वचितच झाले असेल. विदर्भाचेच महेश एलकुंचवार ‘आत्मकथा’ (1988) मध्ये राजाध्यक्ष या म्हाताऱ्या, नामवंत लेखकाला आपले आयुष्य सांगायला बसवतात. पत्नी उत्तरा आणि मेहुणी वासंती या दोघींशी राजाध्यक्षांनी जे केले ते ते सांगतात, पण सांगतासांगता त्याची गोष्ट होते, आणि गोष्ट झाली की तिच्यात लेखक थोडा सुंदर दिसू लागतो. कबुलीचाही असा उपयोग होऊ शकतो. शिकलेल्या मध्यमवर्गाच्या अपराधाचे याहून प्रामाणिक चित्र माझ्या वाचनात नाही.

आता आमच्या अंगणातल्या रंगभूमीकडे वळतो, कारण हे पुस्तक तिच्यासाठीच निघाले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की नाटकांचा हंगाम लागतो. मंडई, शंकरपट आणि नाटक हे एकमेकांना धरून चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाट्यमंडळांचे मोठे ठिकाण. तिथून संच साकोली, लाखांदूर, पवनीपर्यंतच्या गावांत जातात. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. घरोघर पाहुणे आलेले असतात, सोयरिकी जुळतात. दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार म्हणजे या रंगभूमीच्या जुन्या बहिणी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या लोकरंगभूमीवर आणि झाडीबोलीवर जे काम केले, त्यावाचून आमच्यासारख्यांना लिहायला बसणेही शक्य झाले नसते. 2023 साली या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळात अनेकांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा गांभीर्याने घेतले.

या नाटकांना समीक्षक बहुधा कौटुंबिक, भडक, रडकी म्हणून बाजूला ठेवतात. दारुडा नवरा, शेतीच्या वाटणीवरून भांडलेले भाऊ, गरिबाची लेक फसवणारा पाटील, हुंडा, हे विषय पुन्हा पुन्हा येतात हे खरे आहे. पण पहाटेकडच्या अंकात काय होते ते नीट पाहावे. अपराधी माणूस साऱ्या गावासमोर, नाटकातल्या आणि नाटकाबाहेरच्याही, आपले कृत्य बोलून दाखवतो. त्याआधी त्याला कोणी तरी सुनावलेले असते : बहुतेकदा आई, कधी सून, कधी विनोदी पात्राच्या तोंडून गावच. तो मरो वा जगो, न बोलता सुटत नाही. शहरी नाटकाने अपराध्याला एकांत दिला, स्वगत दिले. झाडीपट्टीने त्याला चावडी दिली. नाट्यगुण कुठे जास्त आहेत हा वाद मी इथे घालत नाही. ज्या गावात कर्जापायी घर बुडाले, ज्या घरात दारूपायी चूल विझली, तिथल्या माणसांना पहाटे चारला ही कबुली ऐकायची असते, आणि त्यासाठी ती कडाक्याच्या थंडीत जमिनीवर बसून राहतात. त्यांच्या या गरजेला कमी लेखणारी समीक्षा मला मान्य नाही.

तरीही आमच्या नाटकाचे सगळेच बरे, असे म्हणून हे पुस्तक थांबत नाही. अपराधी नायकाचे थोरपण फार वेळा बायकांच्या देहावर उभे राहते. सीता भूमीत जाते किंवा अदृश्य होते, सिंधू मरते, आणि मग पुरुषाला रडायला मोठे भाषण मिळते. झाडीपट्टीतही सोशिक बायको शेवटी कपाळावर हात मारून मरते आणि नवऱ्याचे डोळे उघडतात. डोळे उघडण्याची ही किंमत नेहमी तिनेच का द्यायची, हा प्रश्न संग्रहातल्या तरुण लेखिकांनी विचारला आहे, आणि त्यांचा सूर मी मुद्दाम कुठेही मऊ केलेला नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात शंबूकावर शस्त्र उगारताना रामाचा हात अडतो. तो आपल्याच हाताला विचारतो की गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या तुला दया कुठून आली. म्हणजे शूद्र तपस्व्याला मारताना रामाला जी आठवण होते तीही सीतेची. शंबूक मरून दिव्य रूप घेतो, रामाचे आभार मानतो, आणि नाटक पुढे जाते. पुढच्या पाच अंकांत राम सीतेसाठी रडतो, शंबूकासाठी नाही. इतक्या संवेदनशील कवीला हा अपराध अपराध म्हणून दिसलाच नाही. ज्या भंडारा मतदारसंघातून 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तिथल्या वाचकाने हा अंक भक्तिभावाने वाचून पुढे जावे अशी अपेक्षा मी करू शकत नाही. कोणाविषयी अपराधी वाटायचे आणि कोणाविषयी नाही हे समाज आधीच ठरवून ठेवतो, आणि नायकाचे हृदय त्याच हद्दीत द्रवते. शोकात्मिकेच्या सिद्धान्तांनी, ग्रीक असोत वा भारतीय, या हद्दीचा विचार फार कमी केला आहे. मला वाटते, पुढच्या पिढीचे काम इथेच आहे.

हे पुस्तक आत्ताच का, असे कोणी विचारील. अपराधाचा एकांत आणि चावडी या दोन्हींची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. तिथे माणसाला घटकेत बदनाम करता येते आणि घटकेत माफीनाम्याचे पत्रकही काढता येते. बदनामीने लाज वाटते, मन खात नाही. पत्रकाने विषय मिटतो, फेड होत नाही. वासंतीसारखे समोर उभे राहून, नाते न तोडता सुनावणारे माणूस त्यात कुठे बसत नाही. दुसरीकडे झाडीपट्टीचे नाटकही बदलते आहे. कोरोनाच्या काळात हंगाम बुडाला, खर्च वाढला, गाणी आणि नाच यांना जास्त वेळ द्यावा लागतो, आणि पहाटेचा कबुलीचा अंक आखूड होत चालला आहे. प्रेक्षक थकला म्हणून तो कापला जातो, असे काही निर्माते सांगतात. मला ते पटत नाही. तो अंक कापला तर रात्रभर बसण्याचे कारणच उरणार नाही.

संग्रहाचा आवाका आम्ही ठरवून आखडता ठेवला. कादंबरी आणि चित्रपट बाजूला ठेवले. ‘नटसम्राट’सारखे मोठे नाटकही इथे ओझरते आले आहे, कारण त्याचे नायक अप्पासाहेब बेलवलकर विश्वास ठेवण्यात चुकतात, पण त्यांचे पतन अपराधाच्या जाणिवेतून होत नाही. लेखांचा क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही. भवभूतीच्या शेजारी झाडीपट्टीचा नट बोलतो आणि खाडिलकरांनंतर इब्सेन येतो, कारण एकाला दुसऱ्याच्या उजेडात वाचावे अशी आमची इच्छा आहे. लेख लिहिणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, तसेच रंगमंचावर दारुडा नवरा वर्षानुवर्षे रंगवणारे कलावंतही आहेत. त्यांचे लेख त्यांच्या झाडीबोलीतच ठेवले आहेत. प्रमाण भाषेत आणले असते तर त्यांतला पाटील आणि त्याची म्हातारी आई दोघेही परके झाले असते.

एक विनंती करून थांबतो. झाडीपट्टीची पुष्कळ नाटके छापली गेलेली नाहीत. ती नाटककारांच्या आणि मंडळांच्या वह्यांत आहेत. वही भिजली, वाळवीने खाल्ली की नाटक गेले. लाखनी, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखांदूर, कुठल्याही तालुक्यातल्या वाचकाच्या घरी अशी वही असेल तर तिचे पान न्‌ पान मोबाइलने टिपून ठेवावे, नाटककाराचे नाव आणि प्रयोगाचे गाव तिच्यावर लिहावे, आणि शेवटचा अंक पूर्ण आहे की नाही ते आधी पाहावे. या संग्रहासाठी हाती आलेल्या वह्यांत बहुतेक वेळा नेमकी तीच पाने सुटलेली होती.